पथ्यालाही मात्रा असते

गेल्या वर्षीच्या रक्ततपासणीत माझे एकूण कोलेस्टेरॉल २५२ आले (हे आकडे दर डेसिलिटर रक्तामागे मिलिग्रॅमचे). त्यात एलडीएल, म्हणजे ज्याला आपण सरसकट वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, १६८ होते. एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, ४८ आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली आणखी एक चरबी, १८०. वय पन्नाशीच्या पुढे, पाळी नुकतीच थांबलेली, रक्तदाब आणि साखर मात्र मर्यादेत, तंबाखूचा संबंध नाही, आणि माहेरच्या जवळच्या नात्यात कमी वयात हृदयविकार झालेला कोणी नाही. हे तपशील आधीच सांगते, कारण औषध न घेता आहाराने कोलेस्टेरॉल उतरवून पाहावे की नाही, याचे उत्तर एलडीएलच्या एकट्या आकड्यात नसते, ते या बाकीच्या गोष्टींत असते. आमच्या डॉक्टरांनी त्या नीट विचारून घेतल्या, थायरॉइडची तपासणी करून घेतली (थायरॉइड मंदावला तरी एलडीएल वाढते आणि मग मूळ दुखणे सोडून ताटाशी झगडण्यात अर्थ नसतो), आणि तीन महिने आहारावर प्रयत्न करायला हरकत नाही असे सांगितले.

त्यासोबत पथ्याचा जो छापील कागद मिळाला, त्यावर तेलकट-तुपकट टाळा, पालेभाज्या भरपूर खा, चाला, असे लिहिले होते. त्यातले काहीही चूक नाही. पण गोळी लिहून देताना दहा मिलिग्रॅम की वीस, रोज एकदा की दोनदा, हे नेमके लिहिले जाते आणि पथ्य लिहून देताना मात्रा कोणी लिहीत नाही. मग घरोघरी होते असे की, चार दिवस फोडणी कमी पडते, अंडी बंद होतात, तीन महिन्यांनी रिपोर्ट जिथल्या तिथे असतो, आणि पथ्याने काही होत नाही असा निष्कर्ष निघतो. माझ्या मते पथ्य फसत नाही, त्याची मात्रा अपुरी पडते. म्हणून मी काय, किती आणि कशाच्या जागी, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधत वाचत गेले.

आधी यकृताचे काम समजून घ्यावे लागते. रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल थेट ताटातून येत नाही, ते शरीर स्वतः तयार करते आणि त्याची मुख्य उलाढाल यकृताच्या हाती असते. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण पकडून आत घेणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. ते शोधून काढल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन अमेरिकी वैद्यकांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आहारात संपृक्त चरबी, म्हणजे तूप, लोणी, साय, खोबरेल, पामतेल, चरबीदार मटण यांतली चरबी, जास्त झाली की या ग्राहकांचे काम मंदावते आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. अंड्याच्या एका बलकात सुमारे २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते हे खरे, पण बहुतेक माणसांच्या रक्तातल्या एलडीएलवर त्याचा परिणाम संपृक्त चरबीपेक्षा कमी होतो. अंडे बंद करून दुधाची जाड साय चालू ठेवणे म्हणजे म्हणूनच उलटा कारभार आहे.

किती चरबी चालते? जागतिक आरोग्य संघटना म्हणते की रोजच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून अधिक संपृक्त चरबीतून येऊ नयेत. माझ्यासारख्या, दिवसाला अठराशे उष्मांक पुरणाऱ्या बाईसाठी हे सुमारे २० ग्रॅम होतात. ज्यांचे एलडीएल वाढलेले आहे त्यांनी सहा टक्क्यांच्या खाली राहावे, असे अमेरिकन हार्ट असोसिएशन सुचवते. म्हणजे अवघे १२ ग्रॅम. हा आकडा हाती घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले, तेव्हा सर्वांत मोठा वाटेकरी तळणीची कढई नसून दुधाचे पातेले निघाले. फुल क्रीम दुधात किमान सहा टक्के स्निग्धांश असतो. अर्ध्या लिटरमागे तीस ग्रॅम चरबी, आणि त्यातली सुमारे अठरा-एकोणीस ग्रॅम संपृक्त. आम्ही दुधावरची साय काढतो, म्हणजे चरबी काढली, असे मला कोणीही सांगितले असते. परंतु ती साय फ्रिजमधल्या भांड्यात साठते, तिला विरजण लागते, आठवड्याच्या शेवटी लोणी निघते, ते कढते, आणि तेच तूप पोळीवर, भातावर, लाडवांत होऊन त्याच घरातल्या माणसांच्या पोटात जाते. पिशवीतून घरात आलेली चरबी घराबाहेर कुठेच जात नाही.

म्हणून आम्ही दूधच बदलले. टोन्ड दुधात स्निग्धांश तीन टक्के असतो, डबल टोन्डमध्ये दीड. चहाला आणि विरजणाला डबल टोन्ड पुरते. दही जरा पातळ लागते, पण ते रात्री किंचित जास्त कोमट दुधात लावले आणि भांडे हलवले नाही तर चांगले धरते. वरणभातावरचे तूप मी सोडलेले नाही. एका मोठ्या चमच्यात सुमारे आठ ग्रॅम संपृक्त चरबी असते, लहान चमच्यात त्याच्या एक तृतीयांश. त्या लहान चमच्यासाठी हिशोबात जागा आहे. पोळीला लावायच्या, शिऱ्यात घालायच्या आणि वाटीने वाढायच्या तुपासाठी नाही.

माझे माहेर रत्नागिरीचे आणि सासर सोलापूरकडचे, त्यामुळे दोन्ही रांधण्या माझ्या हातात आहेत आणि या प्रश्नात त्यांचा फरक फार बोलका आहे. कोकणात रस्सा दाट करायचा तो ओल्या नारळाच्या वाटणाने. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण तीस ग्रॅम संपृक्त चरबी असते, म्हणजे मूठभर खवलेल्या नारळात नऊ-दहा ग्रॅम सहज. सोलापूरकडे तेच काम शेंगदाण्याचे कूट, तीळ, कारळे आणि जवस करतात, आणि या सगळ्यांत असंपृक्त चरबीच बहुतांशी असते. तेलांचेही तसेच. करडईच्या तेलात संपृक्त चरबी दहा टक्क्यांच्या आत, शेंगदाणा तेलात साधारण १७ ते २० टक्के, पामतेलात जवळपास निम्मी, आणि खोबरेल तेलात ऐंशी टक्क्यांहून अधिक. खोबरेल तेल हृदयाला उत्तम असते अशी जाहिरात गेली काही वर्षे जोरात आहे. परंतु २०२० मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा इतर सामान्य वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल सरासरी दहा मिलिग्रॅमच्या आसपास वाढते असे दिसले. माहेरच्या चवीशी माझे काही भांडण नाही. आमच्याकडे सोलकढी अजूनही होते, सणाला होते. रोजची आमटी मात्र आता कुटाची किंवा कारळ्याची असते.

एवढे केल्यावर एका गोष्टीकडे बारीक लक्ष द्यावे लागते. काढलेल्या चरबीच्या जागी काय आले? तुपाची जागा साखर, मैदा, साबुदाणा किंवा जास्तीच्या पांढऱ्या भाताने घेतली, तर एलडीएल थोडे उतरेलही, पण ट्रायग्लिसराइड वाढतात आणि एचडीएल खाली येते. आपल्याकडच्या रिपोर्टांत हीच जोडी वारंवार दिसते. चहाबरोबरची खारी, टोस्ट आणि नानकटाई यांत तर मैदा आणि वनस्पती तूप असे दोन्ही दोष एकत्र नांदतात. खाद्यतेलांतल्या आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर भारतात जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, ही मोठीच गोष्ट झाली. तरी संपृक्त चरबी आणि मैदा खारी-टोस्टमध्ये उरतातच. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी सोडून वरीचा भात आणि दाण्याची आमटी, किंवा राजगिऱ्याची भाकरी आणि दही, एवढा बदल मी केला आहे. व्रत मोडत नाही आणि पोटही भरते.

आता काय वाढवायचे याकडे येते, कारण पथ्याची खरी ताकद इथे आहे आणि नेमका हाच भाग आपल्याकडच्या सल्ल्यांत हरवतो. टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेन्किन्स नावाचे संशोधक आहेत. पदार्थांचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे तो खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते हे, मोजण्याची कल्पना १९८१ मध्ये त्यांनीच मांडली. २००३ मध्ये त्यांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या ४६ जणांचे तीन गट केले. एका गटाला केवळ कमी संपृक्त चरबीचा आहार दिला, दुसऱ्याला त्या आहारासोबत वीस मिलिग्रॅम लोवास्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन वर्गातल्या औषधाची, गोळी दिली, आणि तिसऱ्याला असा आहार दिला ज्यात एलडीएल उतरवणारे चार घटक मोजून घातले होते : चिकट फायबर, सोयाबीनचे प्रथिन, बदाम आणि वनस्पतींतले स्टेरॉल (कोलेस्टेरॉलसारखे दिसणारे आणि आतड्यात त्याचे शोषण अडवणारे पदार्थ). महिन्याभरानंतर पहिल्या गटाचे एलडीएल ८ टक्क्यांनी उतरले, गोळीवाल्यांचे ३०.९ टक्क्यांनी आणि चार घटकवाल्यांचे २८.६ टक्क्यांनी. नुसते टाळण्याने आठ टक्के, टाळून आणि मोजून वाढवल्याने अठ्ठावीस! चिकट फायबरसाठी त्या लोकांना ओट्स, बार्ली आणि इसबगोलाबरोबर भेंडी आणि वांगी खायला दिली होती हे वाचून मला मनापासून आनंद झाला. भेंडीचा जो चिकटपणा मोडायला आपण आमसूल टाकतो, तो चिकटपणाच इथे कामाचा आहे.

हे फायबर पाण्यात विरघळून आतड्यात बुळबुळीत होते आणि चरबी पचवायला मदत करणारी पित्ताम्ले आपल्यात गुंतवून शरीराबाहेर नेते. पित्ताम्ले यकृत कोलेस्टेरॉलपासूनच बनवते. ती कमी पडली की नवी बनवण्यासाठी यकृताला रक्तातले एलडीएल ओढून घ्यावे लागते. गव्हाचा कोंडा किंवा ज्वारी-बाजरी यांतले फायबर पोट साफ ठेवते, पण ते मुख्यतः न विरघळणारे असते आणि त्याच्याकडून हे काम फारसे होत नाही. भाकरी जरूर खावी, पण भाकरी खाते म्हणजे फायबर झाले, असे एलडीएलच्या बाबतीत समजू नये.

मात्रा अशा आहेत. ओट्स किंवा जव यांतले बीटा-ग्लुकॅन हे चिकट फायबर दिवसाला तीन ग्रॅम जावे लागते. कोरडे ओट्स सुमारे ७५ ग्रॅम घेतले की तेवढे मिळते. ओट्सच्या या गुणाचा उल्लेख पाकिटावर करण्याची परवानगी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये दिली आणि पुढच्या वर्षी इसबगोलालाही. इसबगोलाचा भुसा दिवसाला साधारण दहा ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, दोन वेळांत विभागून घ्यावा. तो गुजरातेत पिकतो आणि जगभर जातो, आपल्याकडे मात्र बद्धकोष्ठाचे औषध एवढीच त्याची ओळख आहे. शिजवलेले कडधान्य रोज १३० ग्रॅम, म्हणजे भरलेली वाटी, घेतल्यास एलडीएल सुमारे पाच टक्क्यांनी उतरते असे कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. आकडा लहान वाटतो, पण ओट्सचे पाच, कडधान्याचे पाच, इसबगोलाचे पाच-सात, संपृक्त चरबी घटवल्याचे आठ-दहा, अशी बेरीज होत जाते.

ओट्स मला रोज खाववत नाहीत, म्हणून मी जवांकडे वळले. वाण्याकडे ते बार्ली या नावानेही मिळतात. रात्री धुऊन भिजत घालायचे, सकाळी तिप्पट पाण्यात कुकरला पाच-सहा शिट्ट्या द्यायच्या. झाकण उघडले की दाणे फुगलेले असतात आणि भोवती खळीसारखे दाटसर, चमकदार पाणी असते. नवशिक्या हाताला ते निथळून टाकावेसे वाटते, आणि नेमके तेच ठेवायचे असते, कारण विरघळलेले बीटा-ग्लुकॅन त्या पाण्यात उतरलेले असते. मुगाच्या डाळीच्या खिचडीत अर्धे तांदूळ आणि अर्धे जव घालून, वर मिरे-जिऱ्याची फोडणी दिली, तर घरात कोणाची तक्रार येत नाही. इसबगोल मात्र चवीसाठी घ्यायचे नाही. ते पेल्यात ढवळले की अर्ध्या मिनिटात घट्ट होऊ लागते, म्हणून लगेच पिऊन वर आणखी एक पेला पाणी प्यावे लागते. पाणी कमी पडले तर ते घशात किंवा आतड्यात अडकू शकते. थायरॉइडची किंवा इतर काही गोळी चालू असेल तर तिच्यात आणि इसबगोलात काही तासांचे अंतर हवे.

कडधान्यांबाबत आपण भाग्यवान आहोत. मटकी, चवळी, हुलगे, वाल, मसूर, हरभरा असा आठवडा न कंटाळता जातो. फक्त उसळ बाजूला लावायची भाजी न राहता जेवणाचा मुख्य भाग व्हावी लागते; डावभर नव्हे, वाटीभर. सोयाबीनचे पीठ थालीपिठाच्या भाजणीत मिसळते, जवसाची चटणी रोज एक मोठा चमचा पानात असते, आणि मूठभर बदाम किंवा शेंगदाणे चार वाजताच्या खारीच्या जागी आले आहेत. वनस्पती स्टेरॉल घातलेले पदार्थ आपल्या बाजारात सहज दिसत नाहीत, त्यामुळे चौथा घटक माझ्या ताटात नाही.

तीन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत तपासणी केली. एकूण २१४, एलडीएल १३४, एचडीएल ५०, ट्रायग्लिसराइड १५०. एलडीएलची घट सुमारे वीस टक्के. जेन्किन्स यांच्या पहिल्या प्रयोगात लोकांना तयार जेवण पुरवले गेले होते. त्यांनीच २०११ मध्ये साडेतीनशेच्या वर माणसांना घरी राहून, केवळ सल्ल्यावर हा आहार पाळायला सांगितला तेव्हा सहा महिन्यांनंतरची घट १३-१४ टक्के भरली. घरच्या पथ्याने तेरा ते वीसच्या घरातला उतार हा चांगला उतार आहे. तरीही तो पुरेसा आहे का, हा प्रश्न उरतोच. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार कमी धोका असलेल्या माणसाचेही एलडीएल शंभराच्या खाली हवे, मधुमेहासारख्या कारणांनी धोका जास्त असेल तर सत्तरच्या खाली, आणि हृदयविकार होऊन गेला असेल तर पंचावन्नच्या खाली.

हा शेवटचा आकडा मला आमच्या अण्णांमुळे पाठ झाला. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. त्यांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. माझा रिपोर्ट पाहून ते उत्साहाने म्हणाले, ‘‘तुझे नुसत्या खाण्याने उतरले, मग मीही आता गोळी सोडून तुझ्यासारखे जेवतो.’’ मी त्यांना, थोरलेपणाचा मान राखून पण स्पष्ट शब्दांत, तसे करू नका म्हणून सांगितले आणि कागदावर मांडून दाखवले. गोळी सुरू होण्यापूर्वी त्यांचे एलडीएल दीडशेच्या घरात होते. माझ्याइतकीच, वीस टक्के घट धरली तरी ते एकशेवीसवर थांबेल, आणि त्यांना हवे आहे पंचावन्न. ते अंतर पथ्याने कापले जात नाही. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मितीच रोखते आणि योग्य मात्रेत एलडीएल निम्म्यावर आणू शकते. एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने उतरवले की हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांसारख्या घटना साधारण एक पंचमांशाने घटतात, हे हजारो रुग्णांवरच्या चाचण्यांतून पुन्हा पुन्हा सिद्ध झाले आहे. ज्याच्या रक्तवाहिनीत आजार शिरला आहे, त्याने गोळी सोडून पथ्याचा पराक्रम करू नये. त्यांनी पथ्य करावे ते गोळीच्या जोडीला. अण्णांना जवांची खिचडी आवडली आहे आणि रात्रीची गोळीही चालू आहे.

तसेच ज्यांचे एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक आहे, त्यांनी प्रयोगात महिने घालवू नयेत. अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला जन्मतःच असा दोष मिळालेला असतो की यकृताचे ग्राहक पुरेसे किंवा नीट काम करणारे नसतात. ही माणसे बारीक असू शकतात, शाकाहारी असू शकतात, आणि चाळिशीतच त्यांना झटका येऊ शकतो. त्यांच्या घरातल्या मुलाबाळांचेही रक्त तपासावे लागते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. लसूण, आले, लिंबू, व्हिनेगर आणि मध आटवून केलेल्या काढ्याने हृदयातले अडथळे विरघळतात, असा निरोप दर काही महिन्यांनी फोनवर येतो आणि आपलीच शिकलेली माणसे तो पुढे पाठवतात. त्या काढ्याने साठलेला थर निघत नाही. निसर्गातले म्हणून सुरक्षित, असेही समजू नये. पहिले स्टॅटिन जपानचे अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतूनच वेगळे केले, आणि ‘रेड यीस्ट राइस’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांत जो घटक असतो तो म्हणजे लोवास्टॅटिनच आहे. फक्त तो किती आहे हे डबीवरून कळत नाही. औषध नको म्हणून ती घेणारा माणूस औषधच घेत असतो, मोजमापाशिवाय.

माझ्यापुरते म्हणाल तर डॉक्टरांशी ठरले आहे ते असे : पथ्य चालू ठेवायचे, वजन आणखी थोडे उतरवायचे, सहा महिन्यांनी लिपिड प्रोफाइल आणि साखर पुन्हा पाहायची, आणि आयुष्यात एकदाच करावी लागणारी लायपोप्रोटीन (ए) या एलडीएलसारख्याच कणाची तपासणी या वेळी करून घ्यायची, कारण ती पातळी अनुवंशाने ठरते, पथ्याने हलत नाही, आणि जास्त निघाली तर माझा धोका कमी समजून चालणार नाही. ती ५० मिलिग्रॅमच्या वर आली, किंवा साखर अथवा रक्तदाब मर्यादा ओलांडू लागले, तर कमी मात्रेतले स्टॅटिन सुरू करायला मी होकार देऊन ठेवला आहे. जव त्यानंतरही शिजत राहतीलच.